दाखवायचं घर

फोन कानावरून खाली येण्याआधीच मिस्त्रिणीचा दुसरा हात शेगडीकडे गेला होता. भात अर्धाकच्चा होता. तिने पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवून दिलं.

"किती वेळ आहे?" मिस्त्रीने पलंगावरून विचारलं.

"अर्धा तास. नवराबायको आहेत. नुकतंच लग्न झालंय म्हणे."

"मग काय, अजून सगळंच छान दिसत असेल त्यांना."

"तुम्ही गप्प पडा बघू. बोललं की दम लागतो."

शिलाईचं मशीन चादर टाकून बाल्कनीत गेलं. वाळत घातलेले कपडे दोरीसकट उतरले. दोन ताटं, दोन कप, औषधांचा डबा, आरशासमोरचा कंगवा, सगळं कपाटात. मोरीतला ओला पाट पुसून उभा केला. नळाच्या तोटीवर पाण्याचा थेंब लोंबत होता, तोही तिने पदराने टिपला. मग खिडक्या सताड उघडल्या, म्हणजे औषधांचा वास निघून जाईल. या कामात तिचा हात इतका बसला होता की एखादीचा स्वयंपाक होईपर्यंत ती आख्खा संसार नाहीसा करायची.

कारण हे घर त्यांचं नव्हतं. भाड्याचं होतं, असंही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. विकायला काढलेला फ्लॅट बंद राहिला की त्याची रया जाते. नळ गंजतात, भिंतींना ओल धरते, कोंदट वास सुटतो आणि गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरतं. म्हणून एका दलालाने युक्ती काढली होती. अशा घरांत तो मिस्त्री-मिस्त्रिणीसारखी गरजू माणसं ठेवायचा. भाडं नावापुरतं. त्या बदल्यात घर आरशासारखं राखायचं, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गिऱ्हाईक यायचं म्हटलं की आपली नामोनिशाणी दिसू द्यायची नाही, आणि घर विकलं गेलं की आठवड्याच्या आत उठायचं. म्हणजे घर जितकं जिवापाड जपाल, तितक्या लवकर ते हातचं जाणार. हा व्यवहार शोधणारा दलाल काही मूर्ख नव्हता. आणि तो मान्य करणाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता.

मिस्त्री जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला होता. कंपनी बुडाली तेव्हा त्याचे पैसेही तिच्याबरोबर बुडाले. मिस्त्रीण एका लॉंड्रीचं काम घरी आणायची. विजारी आखूड करायच्या, कंबरा सैल करायच्या. (पैसेवाल्यांच्या कंबरा नेहमी सैलच करायच्या असतात, असं तिचं निरीक्षण होतं.) तेवढ्या कमाईत या शहरात एक खोली घ्यायची, तर सगळं घरमालकाच्या हातावर ठेवून वर उपाशी झोपावं लागलं असतं. त्यामुळे गेली कित्येक वर्षं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पण मिस्त्री त्याचीही मजा करायचा. "आपण राहिलो तितक्या घरांत एखादा सावकारसुद्धा राहिला नसेल," तो म्हणायचा. लिफ्टचा मिस्त्री म्हणून तो मिस्त्री, आणि त्याची बायको म्हणून ती मिस्त्रीण. तिला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीचं डावं अंग गेलं. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मिस्त्रीण त्याला चाकांच्या खुर्चीत बसवायची आणि बाहेर लिफ्टपाशी नेऊन ठेवायची. आजारी माणूस दिसला की गिऱ्हाईकाचं मन विटतं, हा दलालाचा अनुभव. मिस्त्री तिथे वारा खात बसायचा आणि लिफ्टच्या आवाजावरून तिची तब्येत सांगायचा.

पण कालच धर्मादाय दवाखान्यातली सिस्टर येऊन गेली होती. तिने मिस्त्रीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग मिस्त्रिणीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"काकू, हृदय थकलंय त्यांचं. छातीत पाणी भरायला लागलंय. आता त्यांना उठवायचं-बसवायचं, इकडून तिकडे न्यायचं बंद. तो ताण सोसायचा नाही. जे काही दिवस आहेत ते एका जागी जाऊ देत."

"किती दिवस?"

"कसं सांगू? जपलंत तर काही आठवडे."

भिंती पातळ होत्या. सिस्टर गेल्यावर मिस्त्रीने बायकोला जवळ बोलावलं. एरवी चेष्टेशिवाय न बोलणारा माणूस, पण त्या वेळी त्याने चेष्टा केली नाही. "अगं," तो म्हणाला, "आता इथून मला हलवू नकोस. पुढचं घर तू एकटीच बघ." तिने त्याचा चांगला हात हातात घेतला आणि हो म्हटलं. हो म्हणताना ती कुणाच्या घरात बसली आहे याची तिला पूर्ण कल्पना होती, पण दुसरं काय म्हणणार?

अर्ध्या तासाने दलाल बोलतच आत शिरला. "हवा बघा, उजेड बघा, आणि शेजार तर…" पलंगावर मिस्त्री दिसला आणि त्याची जीभ अडखळली. नवी नवरी त्याच्या खांद्यावरून डोकावत होती.

"पेशंट आहेत जरा," दलाल हसून म्हणाला. "होतील बरे."

तेवढ्यात मिस्त्री असा काही कण्हला की त्या मुलीने नवऱ्याची बाही घट्ट धरली. दोघांनी स्वयंपाकघर उभ्या उभ्या पाहिलं, बाथरूम पाहिलंच नाही, आणि विचार करून सांगतो म्हणत जिना उतरून गेली. लिफ्टची वाटही पाहिली नाही.

दार लावून मिस्त्रीण धावत पलंगापाशी आली. "कुठं दुखतंय? छातीत?"

मिस्त्री हसत होता. हसता हसता त्याला धाप लागली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत होता.

"सोंग होतं का ते?"

"अर्धं सोंग होतं."

"लाज नाही वाटत? जीव गेला माझा."

"ऐक. घर विकत घेणं आपल्याला जमलं नाही. पण विकू न देणं जमेल की नाही?" त्याचे डोळे चमकत होते. किती तरी महिन्यांनी त्याला काही काम मिळालं होतं. "आता गिऱ्हाईक आलं की मला लपवायचं नाही. चांगलं दाखवायचं. पलंगाखालचं भांडं तसंच राहू दे. चादर बदलू नकोस. आणि हे बघ, माझी दाढी करू नकोस. आजारी माणूस आजारी दिसायला पाहिजे."

"शी! बघणारे काय म्हणतील?"

"म्हणतील, हे घर नको. आपल्याला तेच पाहिजे ना?"

तिला ते पटलं. तिने मान हलवली. पण पुढच्या वेळी दलालाचा फोन आला मात्र, तिच्या हातांनी तिचं ऐकलं नाही. भांडं धुऊन झालं, चादर बदलून झाली, आणि गिऱ्हाईक यायच्या आत ती ब्रश नि वस्तरा घेऊन नवऱ्याच्या उशाशी बसली होती. परक्या माणसाने येऊन या माणसाला खुंट वाढलेल्या गालांनी पाहावं, हे तिला सोसवेना. बाकी सगळं ती ऐकायला तयार होती.

"अगं, अगं," मिस्त्री फेसातून म्हणाला.

"बोलू नका. कापेल."

तरी त्या दिवशी निभावलं. माप घ्यायची पट्टी घेऊन एक गृहस्थ आले होते. ते भिंतीला पट्टी लावत असताना मिस्त्री खोल आवाजात म्हणाला, "नीट माप घ्या साहेब. याआधी इथं राहत होते ना, त्यांनीही याच भिंतीला अंथरूण धरलं होतं. त्यांच्या आधीच्यांनीही." पट्टी सटकन डबीत गेली. धादांत खोटं होतं ते. आधीची मंडळी चांगली धडधाकट होती आणि मुलाकडे राहायला गेली होती.

संध्याकाळी दलाल एकटाच परत आला. तो रागावेल असं मिस्त्रिणीला वाटलं होतं, पण तो दारातच चपलांकडे बघत उभा राहिला.

"मावशी, हे काय चाललंय?"

"सिस्टर म्हणाल्या, हलवायचं नाही त्यांना."

"मला का कळत नाही? माझेही वडील असेच गेले. पण मालक रोज फोन करतो हो. घर खपलं नाही तर तो दुसरा दलाल बघेल, मग तुम्हीही गेलात नि मीही गेलो." त्याने पलंगाकडे पाहिलं. "निदान मधे एक पडदा तरी लावा."

तिने खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधली आणि चादर टाकून पडदा केला. पडद्यामागून कण्हणं तर आणखीच भीतिदायक वाटेल, असं मिस्त्रीचं मत पडलं. तो पडदा बघून खुश होता.

नंतर आली ती पार्लरवाली. दलाल खाली कुणाशी तरी फोनवर हुज्जत घालत राहिला होता, त्यामुळे ती एकटीच वर आली. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट, आणि बोटांची टोकं केसांच्या रंगाने कायमची काळपट झालेली. उजेड, हवा, शेजार असलं काही तिने पाहिलं नाही. पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "कोण आहे?"

"मिस्टर आहेत माझे. आजारी असतात."

मिस्त्री कण्हला. छान जमलं होतं.

पार्लरवालीने सरळ जाऊन पडदा बाजूला केला. मिस्त्री पुन्हा कण्हला. ती वाकली, आणि काही कळायच्या आत तिने त्याच्या हनुवटीखालून अंगठा फिरवला.

"यांची दाढी कोण करतं?"

"मीच करते."

"इथं, गळ्याच्या घडीत, भल्याभल्यांचा वस्तरा अडतो. माझ्या पार्लरमध्ये पुरुषांच्या दाढीला दोन पोरं आहेत, त्यांना अजून जमत नाही. एक ओरखडा नाही!" तिने मिस्त्रीकडे पाहिलं. "काका, पाठ बघू का जरा?"

मिस्त्री कण्हायचं विसरला. मिस्त्रिणीने सवयीने त्याला कुशीवर घेतलं. पाठ स्वच्छ, कोरडी, कुठे लाली नाही.

"किती दिवस पडून आहेत?"

"दोन वर्षं."

"आणि पाठ अशी?" पार्लरवाली पलंगाच्या कडेला बसलीच. आता तिचा आवाज खाली आला होता. "माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. चार महिन्यांत पाठीला खड्डा पडला हो, मूठ जाईल एवढा. माझी खोली दुकानाच्या वर आहे, जिना असा उभा. खिडकी नाही. पलंग लावला की चालायला जागा नाही. दवाखान्यात ठेवलीय, पण ते तरी किती दिवस ठेवणार? म्हणून सगळं विकून-सवरून घर शोधतेय. मला सांगा, या घरात पेशंट राहू शकतो?"

खरं उत्तर द्यायला कुणी सांगितलं होतं? पण दोन वर्षं मिस्त्रीण रात्रंदिवस जे करत होती, त्याबद्दल कुणी तिला कधी एक शब्द विचारला नव्हता. सिस्टर सूचना द्यायची, दलाल तक्रार करायचा, आणि मिस्त्री चेष्टा करायचा. तिची कळी खुलली. पलंग याच खिडकीशी लावा, ती म्हणाली, इथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही. खुर्ची बाथरूमच्या दारातून जाते, पण पाठमोरी न्यायची, पुढून नेली तर हाताला खरचटतं. दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. गजर लावायचा आणि कंटाळा करायचा नाही. लिफ्ट जरा लहान आहे, पण खुर्ची मावते, आणि चांगली आहे लिफ्ट, माझ्या मिस्टरांनीच सांगितलंय.

मिस्त्री खोकू लागला. मोठ्याने, मुद्दाम, डोळे वटारून खोकू लागला. मिस्त्रिणीला वाटलं, कफ अडकला. बोलण्यात खंड न पडू देता तिने एक हात त्याच्या पाठीखाली घातला, दुसऱ्याने उशी उभी केली, आणि त्याला अलगद टेकवून बसवलं. पार्लरवाली ते टक लावून पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला तेव्हा तो अक्षरशः ओरडत होता. "मावशी, कमाल केलीत! बाईंनी घर घेतलं. काही घासाघीस नाही. म्हणाल्या, जिथं त्या काकांना असं ठेवता येतं तिथंच माझी आई राहील. तुम्ही विकलंत हो घर, मी नाही!"

मिस्त्रीण स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसली. "भाऊ, महिनाभर थांबायला सांगा ना त्यांना. महिनाभरच."

"नाही थांबता येणार. पुढच्या आठवड्यात त्यांच्या आईला दवाखान्यातून सोडतायत." दलालाचा आवाज उतरला. "तुमच्यासाठी दुसरं घर बघितलंय मी. चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, पण दोन हमाल देतो मी माझ्या पैशाने. याहून जास्त माझ्या हातात नाही, मावशी."

ती बाहेर आली तेव्हा मिस्त्री तिच्याकडेच पाहत होता. तिला सांगावं लागलं नाही.

"तरी सांगत होतो," तो म्हणाला, "दाढी करू नकोस."

आणि मग ती रडली. पलंगाच्या पट्टीवर डोकं टेकून, आवाज न करता, कारण भिंती पातळ होत्या. मिस्त्री चांगल्या हाताने तिचे केस थोपटत राहिला. "हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला. "जाऊ दे. जन्मभर लोकांना वर चढवलं, आता मला चढवायला दोन हमाल. रुबाब आहे की नाही?" पण त्या हातालाही आता नीट जोर राहिला नव्हता, हे तिच्या डोक्याला कळत होतं.

तिने एक शेवटचा प्रयत्न केला. मिस्त्रीला शेजारणीवर सोपवून ती पत्ता विचारत विचारत पार्लरवालीच्या दुकानात गेली. घर तुमचंच आहे, फक्त थोडे दिवस मागायचे, माणूस जायला टेकलाय असं सरळ सांगायचं, असं तिने वाटेत दहादा घोकलं होतं.

"अगंबाई, मावशी!" पार्लरवालीने हातातली कात्री खाली ठेवली. "पोरांनो, या बघा त्या, मी सांगत होते त्या. बसा, बसा." तिने तिला आरशासमोरच्या खुर्चीत बसवलंच. "आईला सांगितलं मी घराचं. खिडकीचंही सांगितलं. रोज विचारते, कधी जायचं आपल्या घरी? आपल्या घरी म्हणते हो. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिली बाई. एकदा तिथं टेकली की मग मला कसली चिंता नाही." बोलता बोलता तिने मिस्त्रिणीचा अंबाडा सोडला होता. "टोकं किती दुभंगलीत. थांबा, पैसे नको आहेत, गप्प बसा." आणि मग कात्री चालवता चालवता: "तुम्ही कुठं जाणार आहात आता?"

आरशात मिस्त्रिणीला स्वतःचा चेहरा दिसत होता. घोकलेलं सगळं जिभेवर होतं. मागे पार्लरवालीचा हसरा, घामेजलेला चेहरा होता.

"मुलाकडे," ती म्हणाली. त्यांना मूल नव्हतं.

घरी आल्यावर मिस्त्रीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "मुदत मागायला गेली होतीस ना? आणि केस कापून आलीस?"

"हो," ती म्हणाली, आणि भात टाकायला आत गेली.

जायच्या दिवशी टेम्पो सकाळीच आला. सामान असं किती? पलंग दलालाचा होता, तो तिथेच राहणार होता. मिस्त्रीला खुर्चीतून लिफ्टने खाली आणलं तेव्हा तो डोळे मिटून आवाज ऐकत होता. टेम्पोत मागे गादी घातली होती. टेम्पोवाल्याने आणि तिने त्याला उचलून शिलाईच्या मशीनला टेकवून बसवलं. त्याच्या ओठांचा रंग मिस्त्रिणीला आवडला नाही. ती पाय वर टाकून चढणार, इतक्यात दवाखान्याची गाडी मागे येऊन थांबली.

गाडीबरोबरच्या माणसांनी पार्लरवालीच्या आईला खुर्चीत बसवून इमारतीच्या दाराशी आणलं, आणि आमचं काम इथपर्यंतच म्हणून ती माणसं निघूनही गेली. म्हातारी पिसागत हलकी होती, पण भेदरली होती. मुलीने हात लावला तरी ओरडत होती. पार्लरवालीचा दणकट आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मावशी, मला नाही जमत हो. कुठं धरू कळत नाही. पाच मिनिटं वर या ना. पलंगावर ठेवेपर्यंत."

मिस्त्रिणीने टेम्पोत पाहिलं.

"जा," मिस्त्री म्हणाला. त्याचा श्वास वर वर चालला होता. "तुझ्याशिवाय तिला जमायचं नाही. मी कुठं पळून जातोय?"

पाच मिनिटांचं ते काम नव्हतं. म्हातारीची मुठीएवढी जखम तिने पाहिली आणि मग तिला घाईने काही करताच येईना. तिने स्वच्छ चादर मागितली, पार्लरवालीला समोर उभं करून कुठला हात कुठे घालायचा ते दाखवलं, म्हातारीला कुशीवर घेतलं, गुडघ्यांत उशी दिली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. म्हातारीचं ओरडणं हळूहळू थांबलं. तिने आढ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"आपलं घर ना ग हे?"

"आपलंच, आई."

"आता इथून मला हलवणार नाहीस ना?"

"नाही ग. आता कुठंच नाही."

मिस्त्रिणीने पदर सारखा केला आणि ती निघाली. लिफ्टमध्ये एकटी असताना तिला नवऱ्याला काय काय सांगायचं ते सुचत होतं. म्हातारी किती ओरडली, पार्लरवाली कशी घाबरली. तो काय चेष्टा करील तेही तिला माहीत होतं.

मिस्त्रीची मान छातीवर कलली होती.

"झोप लागली त्यांना," टेम्पोवाला खाली उतरत म्हणाला. "मघा बोलत होते माझ्याशी. माझ्या बायकोला हाताला यश आहे, म्हणाले. मग गप्प झाले."

ती टेम्पोत चढली. त्याच्या नाकाशी हात धरायच्या आधीच तिला कळलं होतं. दोन वर्षं दर दोन तासांनी उठून ज्याला कुशीवर वळवलं, त्याचं वजन हाताला कळतं. तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. सदऱ्याचं वरचं बटण निघालं होतं, ते लावलं.

लिफ्टचं दार उघडून पार्लरवाली धावत आली. पलंगाखालचं भांडं वर राहिलं होतं, ते तिच्या हातात होतं. टेम्पोपाशी येऊन ती थबकली. तिने मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रिणीकडे पाहिलं, आणि हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं.

"मावशी… वर आणा त्यांना. चला, मी धरते. वर आणू या."

"नको," मिस्त्रीण म्हणाली. "तुमच्या आई बघतील. पहिलाच दिवस आहे त्यांचा घरात. बिचकतील."

"मुलाला कळवते मी. नंबर द्या त्यांचा."

मिस्त्रिणीने नुसती मान हलवली. पार्लरवाली तिच्याकडे बघतच राहिली, आणि मग तिला समजलं. ती टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली आणि रडू लागली. तिच्या सामानाचा ट्रक मागे येऊन उभा होता. वाट अडली म्हणून त्याने एकदा हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला.

टेम्पोवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. चौथ्या मजल्यावरच्या त्या घराचा पत्ता त्याच्या खिशात होता. तिथे दलाल हमालांना घेऊन वाट पाहत होता, पण तेही गिऱ्हाईकांना दाखवायचंच घर होतं. "मावशी," त्याने चाचरत विचारलं, "आता कुठं घेऊ?"

मिस्त्रिणीने मागे, थांबलेल्या ट्रककडे पाहिलं.

"आधी जरा पुढं घ्या," ती म्हणाली. "दारातून बाजूला होऊ या. त्यांना सामान उतरवायचंय."